परत येणारी पुंगळी

पुंगळी पुन्हा आत पडली आणि पाठीमागून कप्तानाचा आवाज आलाच.

"जोर लाव ताई, जोर! हात पुरता मागे जात नाहीये तुझा."

ताई पालथी पडलेली, रायफलीचा दस्ता खांद्याला, गाल लाकडाला. तिने मान वळवली नाही. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बोटाने उकरून बाहेर टाकली, बोल्ट पुढे ढकलला आणि पुढची गोळी झाडली. पण वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा तिची तीन काडतुसं तशीच शिल्लक होती. शेजारच्या चटईवर दातांच्या डॉक्टरने आपली सगळी केव्हाच संपवून थर्मासमधला चहा ओतून घेतला होता. बिचाऱ्याने सहानुभूतीने "च् च्" केलं. ताईला ते गोळीपेक्षा जास्त लागलं.

कप्तान म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ, रायफल क्लबच्या संघाचा प्रमुख. साठीला टेकला होता, पण सल्ला देण्याच्या बाबतीत चिरतरुण. त्याला बंदूक धरायला शिकवली ती ताईनेच, आणि तेव्हा तो डोळा मिटायचा तो दोन्ही मिटायचा. ही गोष्ट क्लबात फक्त ताईला ठाऊक होती आणि तिने ती आजवर पोटात ठेवली होती. आता मात्र ती ओठांवर यायला लागली होती.

बोल्ट रायफलीचं काम तसं सरळ असतं. गोळी सुटली की बोल्टची मूठ वर करायची आणि मागे ओढायची. बोल्टच्या तोंडाशी एक आकडा असतो, तो रिकामी पुंगळी नळीतून ओढून आणतो. बोल्ट मागे पोचता पोचता एक पोलादी जीभ तिच्या बुडाला ठोकर देते आणि ती उजवीकडे उडून पडते. मग बोल्ट पुढे, नवं काडतूस आत. ताईची पुंगळी नळीतून यायची, ठोकर खायची, आणि उडून जायच्या ऐवजी रुसलेल्या पोरासारखी तिथेच आत येऊन पडायची. पुढचं काडतूस तिच्यावर अडकायचं. सावकाश नेम धरून झाडायच्या फेरीत हे एक वेळ खपून गेलं असतं. मिनिटात दहा झाडायच्या फेरीत नाही.

"हे बघ," चटई गुंडाळताना कप्तान शेजारी उकिडवा बसला आणि त्याने आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की तो जास्त धोकादायक असायचा. "रविवारी निवड आहे. संघात चारच जागा. पुन्हा अडकली तर मी काय तोंड दाखवू? डॉक्टर सहा महिने वाट बघतोय."

"बघू दे की. चहा आहे त्याच्याजवळ."

"थट्टा नको, ताई. तुझा निरोप आपण झोकात करू. भाषणं, फोटो, सगळं. सगळे म्हणतात की ताईंनी आता मानाने थांबावं."

"सगळे कोण?"

"आता सगळे म्हणजे... सगळे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या वर्षी ती आपल्या चष्म्याच्या दुकानात स्टुलावरून पडली आणि उजवा खांदा मोडला. पट्टी घातली, स्क्रू बसवले, पाच महिने हात गळ्यात. त्या पाच महिन्यांत कप्तानाने तिची भाजी आणली, बिलं भरली, दुकानाचं शटर वर-खाली केलं. ती परत रेंजवर आली त्या दिवशी त्याने तिला दुर्बीण भेट दिली, स्वतःच्या हाताने रायफलीवर चढवूनही दिली. लोखंडाला जवळजवळ चिकटेल इतकी खाली, कारण दुर्बीण जितकी खाली तितकी गालाला बरी, असं त्याचं ठाम मत. ताई सहसा रडत नाही, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे सगळं खरं होतं. म्हणून तर तिला त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं, आणि न चिडता राहवतही नव्हतं.

खरी गोम वेगळीच होती. खांदा दुखत होता. बोल्ट मागे ओढला की हाडात कुणीतरी सुई घातल्यासारखी कळ यायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की लगेच निरोपाच्या हॉलचं बुकिंग होणार, हे ती ओळखून होती. वरून ती छाती पुढे काढून चालत होती आणि आतून तिला धास्ती होती की कप्तानाचं म्हणणं बरोबर तर नसेल?

म्हणून तिने जोर लावायला सुरुवात केली. दात आवळून, कळ गिळून बोल्ट असा काही हिसडायची की चटई सरकायची. आणि गंमत अशी की पुंगळी जास्तच अडकायला लागली. पूर्वी तिसरी-चौथी अडकायची, आता एकाआड एक.

"बघ, हात थकतो तुझा," कप्तान म्हणाला. प्रत्येक गोष्टीला त्याच्याजवळ तेच उत्तर होतं.

शुक्रवारी ताई मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणजे क्लबच्या बंदुका दुरुस्त करणारा. हात सोन्याचा, स्वभाव तिखट. त्याने याआधी दोनदा तिची रायफल तपासली होती. आकडा साफ केला, त्याची स्प्रिंग बदलली, पोलादी जिभेखालचा मळ काढला, नळीचं तोंड आरशासारखं पुसलं. दोन्ही वेळा रायफल परत देताना त्याने एकच निकाल दिला होता: बंदुकीत काही नाही.

"पुन्हा आलात?" त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"पुन्हा आले. आणि या वेळी तुम्ही काम करताना मी इथे बसून बघणार आहे."

"बघा. तिकीट नाही लावलेलं."

मिस्त्रीची एक शिस्त होती. दुर्बिणीची बंदूक आली की आधी दुर्बीण उतरवायची, मऊ कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायची आणि मगच बंदूक शिकंज्यात धरायची. काच फुटली तर नाव कुणाचं जाणार? सगळं काम झालं, गिऱ्हाईक दारात आलं, की शेवटी दुर्बीण पुन्हा जागच्या जागी. ही शिस्त तो गेली कित्येक वर्षं पाळत आला होता आणि तिचा त्याला रास्त अभिमान होता.

त्याप्रमाणे त्याने सगळं केलं. मग डब्यातली एक झाडलेली, रिकामी पुंगळी नळीत सरकवली, बोल्ट लावला आणि ओढला. पुंगळी टण्णकन समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. दुसरी घातली, टण्ण. तिसरी, टण्ण. भिंतीच्या रंगाला त्या जागी टवके उडालेले होते, म्हणजे हा खेळ रोजचाच.

"झालं समाधान?"

"मला द्या," ताई म्हणाली.

"तुम्ही?"

"मीच. हात माझाच खराब आहे ना?"

ती शिकंज्यासमोर उभी राहिली, पुंगळी घातली आणि ओढला बोल्ट. टण्ण! भिंतीवर. पुन्हा ओढला, पुन्हा भिंतीवर. कळ आली ती आली, पण पुंगळी मिस्त्रीच्या टवक्यांपेक्षाही वीतभर वर लागली. ताईला त्या कळेचंसुद्धा कौतुक वाटलं.

"म्हणजे हातात पण काही नाही," ती म्हणाली.

मिस्त्री जरा गोंधळला, पण हार मानणाऱ्यांतला नव्हता. "इथे उभ्याने ओढता, ताई. तिथे पालथ्याने. पालथं पडलं की खांद्याला कोन मिळत नाही. बंदुकीत काही नाही, एवढं मी लिहून देतो." असं म्हणून त्याने फळीवरून कापडाचं गाठोडं काढलं, दुर्बीण चढवली, स्क्रू आवळले आणि रायफल ताईच्या हातात दिली.

घरी येईपर्यंत ताईच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. बंदूक चांगली. हातही चांगला. मग घोडं पेंड खातंय कुठे?

शनिवारी दुपारी तिने जेवणाचं टेबल मोकळं केलं. खरी काडतुसं कपाटात कुलपात आहेत ना, हे किल्ली फिरवून पुन्हा एकदा पाहिलं, नळी उजेडात धरून रिकामी असल्याची खात्री केली आणि मिस्त्रीकडून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्यांची रास मांडली. उभी राहून ओढला. पुंगळी आत पडली. काल त्याच उभ्या हाताने भिंत ठोकली होती आणि आज आत! कोनाबिनाची बात तिथेच निकालात निघाली.

मग तिने मुद्दाम उलटं केलं. बोल्ट हळूच, एखाद्या आजारी माणसाने ओढावा तसा ओढला. पुंगळी कडेवरून निमूट घरंगळली आणि टेबलावर पडली. पुन्हा हळू, पुन्हा बाहेर. मग जोरात. आत!

ताई खुर्चीत बसली. आठवडेच्या आठवडे लोक तिला जोर लाव म्हणत होते, आणि जोर लावला की बिघडत होतं. म्हणजे पुंगळी उडत होती. चांगली सणसणीत उडत होती. उडून कशावर तरी आपटत होती आणि परत येत होती. पण कशावर?

त्याच वेळी कप्तानाची बायको वाटीत काहीतरी झाकून घेऊन आत आली. ती खालच्या मजल्यावर राहायची आणि दार वाजवणं हा तिला अपमान वाटायचा.

"अगोबाई, टेबलावर बंदूक! ताई, जेवायचं तरी कुठे तुम्ही?"

"तुझी लिपस्टिक आहे का गं जवळ?"

भावजय क्षणभर पाहतच राहिली. चाळीस वर्षांत नणंदेने तिच्याकडे पहिल्यांदा शृंगाराची वस्तू मागितली होती. "आहे की. पण लाल आहे, भडक. तुम्हाला चालेल?"

"मला नको, हिला हवी आहे," ताई म्हणाली आणि दुर्बिणीच्या उजव्या अंगाला जी जाडजूड घुंडी होती, नेम डावी-उजवीकडे सरकवायची, तिच्या पोटाला चांगला दाट थर फासला.

"अहो, महागाची आहे ती!"

"दुसरी घेऊन देईन. बघ आता."

बोल्ट जोरात मागे. पुंगळी आत पडली. ताईने ती बोटांनी उचलून उजेडात धरली. पितळेच्या तोंडाशी लालभडक ओठ उमटला होता.

भावजय हळूच म्हणाली, "म्हणजे ही दुर्बीण..."

"आडवी येते. इतकी खाली बसवली आहे की पुंगळीला जायला वाटच नाही. आणि मिस्त्री आधी दुर्बीण उतरवतो आणि मग तपासतो, म्हणून त्याला जन्मात दिसलं नसतं." ताई हसायला लागली. हसता हसता तिला राग आला, आणि रागाबरोबर रडूही. नवा जोडलेला खांदा आणि नवी दुर्बीण एकाच दिवशी रेंजवर आली होती, आणि सगळ्यांनी बोट दाखवलं ते खांद्याकडे. म्हातारीच्या हाडाकडे बोट दाखवणं सोपं असतं. तिने स्वतःसुद्धा तेच केलं होतं, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"यांना आत्ताच सांगते," भावजय उठली.

"बस खाली. घरात सांगितलं तर तो मान हलवेल आणि विसरेल. तो माझ्याशी चार माणसांत बोललाय. उत्तरही चार माणसांतच मिळेल."

रविवारी रेंजवर झाडून सगळे हजर. डॉक्टर थर्मास घेऊन, मिस्त्री अवजारांची पिशवी घेऊन, कप्तान गळ्यात शिट्टी अडकवून, आणि मागे बघ्यांत भावजय. ताईने रायफल पिशवीतून काढली, बोल्ट उघडा ठेवला आणि सरळ कप्तानासमोर धरली.

"घे."

कप्तान दचकून मागे सरला. दुसऱ्याच्या रायफलीला हात लावायचा नाही, हा क्लबातला जुना दंडक. टूथब्रश आणि रायफल उसनी मागायची नाही, असं नव्या सभासदाला पहिल्या दिवशी सांगत. म्हणून तर दुर्बीण चढवल्यापासून ताईची रायफल मिस्त्रीखेरीज कुणी हाताळली नव्हती.

"मी कशाला?"

"मी देतेय म्हणून. मला जोर लावता येत नाही ना? मग तू दाखव कसा लावायचा. ह्या रिकाम्या पुंगळ्या. सगळ्यांना बघू दे."

बघायला सगळे गोळा झालेच होते. कप्तानाने बाह्या सरसावल्या, पुंगळी घातली आणि असा झकास बोल्ट ओढला की डॉक्टरने मान डोलावली. पुंगळी घुंडीवर टक्कन आपटली आणि आत येऊन पडली.

"एखादी होते अशी," कप्तान म्हणाला. दुसरी घातली. आणखी जोर लावला. आत. तिसऱ्या वेळी त्याचा चेहरा लाल झाला आणि पुंगळी उलटी होऊन बोल्टखाली रुतली, ती बाहेर काढताना त्याचं नख मोडलं.

"खांदा दुखतोय का रे तुझा?" ताईने अगदी मायेने विचारलं.

मागे कुणीतरी फसकन हसलं. बहुतेक भावजयच. मिस्त्री मात्र पुढे झाला, खाली वाकला आणि घुंडीचं पोट निरखू लागला. तिथल्या काळ्या रंगावर पितळेचे पिवळे ओरखडे होते, आणि एका कोपऱ्यात उगाचच थोडा लाल रंग. त्याने ताईकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "फळीवर! मी ही फळीवर ठेवत होतो! ताई, उद्या उंच कड्या बसवून देतो, दुर्बीण बोटभर वर जाईल, मग जाऊ द्या पुंगळी कुठे जायचं तिथे."

"उद्या कशाला? स्क्रूड्रायव्हर द्या."

"ताई, निवड आज आहे," कप्तान म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखरच उतरला होता. "दुर्बीण काढलीस तर नुसत्या नळीवरच्या लोखंडी खुणांवर नेम धरावा लागेल. तुला दिसायचं नाही, अगं. डॉक्टरांना पुढे करू दे, तू पुढच्या वर्षी..."

"माझ्या डोळ्यांचा नंबर मला तू सांगणार? आयुष्यभर लोकांचे नंबर काढले मी." तिने खिशातून चष्मा काढला. नळीच्या टोकावरची खूण लख्ख दिसावी एवढ्यासाठी तिने स्वतःच घासलेली ती काच होती. लक्ष्य धूसर दिसणार होतं, ते तिला ठाऊक होतं. दुर्बीण येण्यापूर्वी सगळं आयुष्य धुसरावरच नेम धरला होता तिने. तिने स्क्रू सोडवले, दुर्बीण उतरवली आणि भावाच्या हातात दिली. "ही सांभाळ. मला आवडते ती. पण आज नको."

चाचणीच्या गोळ्या झाडून तिने नेम जुळवून घेतला. मग शिट्टी झाली.

पहिली पुंगळी उडाली ती थेट डॉक्टरच्या चटईवर. दुसरी त्याच्या मानेवर पडली. गरम पितळ कॉलरमध्ये गेलं तसा डॉक्टर ओरडला आणि त्याचा थर्मास लवंडला. ताईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ओढ, ढकल, श्वास, दाब. ओढ, ढकल, श्वास, दाब. समोरचं काळं वर्तुळ पावसात भिजलेल्या शाईसारखं पसरलेलं दिसत होतं आणि ती त्याच्या मधोमध खूण नेऊन उभी करत होती. हाडात सुई शिरत होती. शिरू दे, म्हणाली ती मनात, माझं हाड आहे, माझी सुई आहे. शिट्टी वाजली तेव्हा तिचा बोल्ट उघडा होता, रायफल रिकामी होती आणि एकही पुंगळी आत नव्हती.

गुण लागायला वेळ लागला. ताई चौथी आली, शेवटची, पण चारांत. डॉक्टर पाचवा. मान चोळत येऊन त्याने ताईशी हात मिळवला. मनाने माणूस बरा होता. कप्तानाने फळ्यावर चार नावं लिहिली, ताईचं लिहिताना खडू मोडला, दुसरा घेऊन पुरं केलं. निरोपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गाड्यांपाशी ताई एकटीच रायफलीच्या पिशवीसमोर उभी होती. तिने पिशवीचा पट्टा धरला, सोडला, पुन्हा धरला. कप्तान दुरून बघत होता. तो जवळ आला आणि दुर्बीण ह्या हातातून त्या हातात करत राहिला.

"मी उगाच..." त्याने सुरुवात केली.

"ती पिशवी उचल," ताई म्हणाली. "माझा हात वर होत नाहीये. खांदा दुखतोय."

"दुखतोय? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. रोज."

"आणि बोलली नाहीस? अगं, मला सांगायचं होतंस ना!"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता, म्हणून ते त्याला जास्त झोंबलं.

"तेव्हा सांगितलं असतं तर तू माझी पिशवी उचलली नसतीस. मला उचलून बाहेर ठेवलं असतंस."

कप्तानाने दुर्बीण काखेत धरली आणि दोन्ही हातांनी पिशवी उचलून गाडीत ठेवली.